घरबसल्या स्पॅनिश : रोजच्या वीस मिनिटांचा हिशेब



इसवी सन 779 मध्ये राजस्थानातील जालोर येथे उद्योतनसूरींनी 'कुवलयमाला' हा प्राकृत कथाग्रंथ पूर्ण केला. त्यात एका गजबजलेल्या बाजारपेठेचे वर्णन येते. मगध, सिंधू, मरु, गुर्जर, लाट, माळवा, कर्नाटक, आंध्र, महाराष्ट्र अशा नाना प्रांतांचे व्यापारी तेथे जमले आहेत. ग्रंथकार प्रत्येकाची ओळख करून देतात ती त्याच्या रूपस्वभावाबरोबरच त्याच्या तोंडी येणाऱ्या एखाददुसऱ्या शब्दावरून. व्यापाऱ्याच्या कुळात जन्मलेल्यांना यात नवल वाटणार नाही. ज्याच्याशी देणेघेणे करावयाचे त्याचे चार शब्द आपल्याला यावेत, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कर्नाटकात दुकान थाटले तर कानडी आली, मद्रासेस पेढी काढली तर तमिळ आली. त्यासाठी कोणी शिकवणी लावली नाही. गल्ल्यावर बसता बसता भाषा अंगवळणी पडली.

आज पेठ दूरवर पसरली आहे, आणि गल्ल्यावर बसून जी भाषा कानी पडणार नाही तीही कधी कधी आवश्यक ठरते. स्पॅनिश ही त्यांपैकी एक. स्पेनसह एकंदर 20 देशांची ती राजभाषा आहे, आणि त्यांतील 18 देश अमेरिका खंडांत आहेत. आपल्या स्वयंपाकघरातील सोयाबीन तेलाचा मोठा वाटा अर्जेंटिनाहून येतो. जयपूरच्या जोहरी बाजारात ज्या पन्न्याला विशेष मान आहे, तो कोलंबियातील मुझो आणि चिवोर येथील खाणींतला. हे नातेही नवे नाही. मोगल बादशहांच्या खजिन्यातील अनेक पाचू कोलंबियाच्या डोंगरांतून निघून स्पॅनिश आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून हिंदुस्थानात आले होते. आता माल येतो, त्याबरोबर आपली मुलेही तिकडे जातात. कोणी औषध कंपनीत, कोणी वाहन कंपनीत, कोणी स्वतःच्या व्यापारासाठी. मुले गेली की मागोमाग भाषेचा प्रश्न घरात येतो. म्हणूनच या खेपेस घरी बसून, भ्रमणध्वनीवरील किंवा संगणकावरील प्रारंभिक पाठांच्या साहाय्याने स्पॅनिश शिकण्याविषयी थोडा विचार करू.

या साधनांची घडण प्रथम समजून घेतली पाहिजे. सीडीच्या जमान्यात 'रोझेटा स्टोन' नावाचे पाठ प्रसिद्ध होते. त्यांत भाषांतर दिलेले नसे. चित्र दाखवावे, शब्द ऐकवावा आणि शिकणाऱ्याने दोहोंची सांगड घालावी, अशी त्यांची रीत. आज घरोघरी परिचित असलेले 'ड्युओलिंगो' 2012 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याचे एक जनक लुइस फॉन आन हे स्वतः ग्वातेमाला या स्पॅनिश बोलणाऱ्या देशातले. अमेरिकेत शिकायला जाण्यासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा देण्याकरिता त्यांना शेजारच्या एल साल्वादोर देशात जावे लागले होते. भाषा शिकणे आणि तिची परीक्षा देणे सामान्य माणसाला किती महाग पडते, याचा हा अनुभव पुढे त्यांनी अनेकदा सांगितला आहे.

साधन कोणतेही असो, आतील यंत्रणा बहुतांशी एकच असते. पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ, थोडे नवे शब्द, आणि जुन्या शब्दांची ठराविक अंतराने उजळणी. या उजळणीमागे जुने शास्त्र आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती वेगाने विसरतात याच्या नोंदी ठेवल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केल्या. विसरणे आरंभी झपाट्याने होते, मागाहून मंदावते, आणि योग्य वेळी उजळणी झाली तर आठवण अधिक काळ टिकते, असे त्याला आढळले. पुढे सेबास्टियन लाइटनर याने यावरून पेटीची युक्ती सुचवली, ती आपल्या घरीही सहज करता येईल. दुकानातील जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या कोऱ्या पाठी घ्याव्यात. एका कार्डावर एक शब्द लिहावा. पेटीचे पाच कप्पे करावेत. पहिला कप्पा रोज पाहावा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असे पुढे अंतर वाढवीत जावे. शब्द आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला तर पुन्हा पहिल्यात. थकलेल्या उधारीकडे वरचेवर पाहावे लागते आणि नियमित फेडणाऱ्याकडे महिन्याकाठी पाहिले तरी चालते. तोच हा न्याय.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. यांतील बहुतेक पाठ इंग्रजीच्या द्वारे शिकवतात. त्यामुळे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः ज्यांचे शिक्षण मराठीतून झाले त्यांना, हे आपले काम नव्हे असे वाटते. वस्तुस्थिती मात्र अशी की, अनेक बाबतींत मराठीपासून स्पॅनिशकडे जाणारी वाट इंग्रजीहून जवळची आहे.

प्रथम उच्चार पाहा. स्पॅनिशमध्ये त आणि द हे आपल्यासारखे दंत्य आहेत. इंग्रजी बोलणारा तेथे ट आणि ड म्हणून बसतो. आपल्याला ती अडचण नाही. आ, ए, इ, ओ, उ हे पाच स्वर ठाम आहेत, आणि लिहिले तसे वाचावयाचे ही शिस्त देवनागरीत वाढलेल्याला घरचीच वाटते. र चा उच्चार तेवढा सांभाळावा लागतो. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि र ठणकावून म्हटलेला 'पेर्रो' म्हणजे कुत्रा.

दुसरे, वाक्यरचना. 'मे गुस्ता एल मांगो' हे वाक्य इंग्रजीतून शिकणाऱ्याला उलटे वाटते, आणि त्यावर पाठांत पानेच्या पाने खर्ची पडतात. मराठीत ते सरळ 'मला आंबा आवडतो' असे आहे. आंबे अनेक झाले की आपण 'आवडतात' म्हणतो, तेही 'गुस्तान' म्हणतात. 'मी'च्या जागी 'मला' का, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तसेच आपण 'येतो हं' म्हणून निघतो, त्यात 'मी' हा शब्द नसतो. स्पॅनिशमध्येही क्रियापदावरून कर्ता कळत असल्यामुळे तो बहुधा गाळतात.

तिसरे, भूतकाळ. 'आजोबा रोज दुकानात जात असत' आणि 'आजोबा त्या दिवशी दुकानात गेले' यांतील भेद आपण बोलताना आपोआप पाळतो. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी 'इबा' आणि दुसऱ्यासाठी 'फुए' अशी दोन वेगळी रूपे आहेत. इंग्रजी माध्यमातून हा भेद पकडण्यास बराच काळ जातो. मराठीतून तो आधीच हाती असतो.

चौथे, आदर. 'तू'साठी 'तू' हाच शब्द आहे, आणि 'आपण'साठी 'उस्तेद'. हा 'उस्तेद' म्हणजे 'बुएस्त्रा मेर्सेद', अर्थात 'आपली कृपा', या जुन्या आदरार्थी संबोधनाचे झिजलेले रूप. म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी चालते. प्रारंभिक पाठ शिकवतात की घरात 'तू' आणि परक्याशी 'उस्तेद'. परंतु कोलंबियाच्या बोगोता शहरात घरच्या माणसांतही 'उस्तेद' सर्रास चालते, आणि त्या परिसरात 'सुमेर्से' असा आणखी एक मायेचा व आदराचा शब्द ऐकू येतो. असे शब्द पाठांत क्वचितच भेटतात. ते माणसांकडूनच शिकावे लागतात.

आपल्या घरात काही सोयरे शब्द आधीपासून नांदत आहेत, हेही ध्यानी घ्यावे. मेज, साबण, चावी, पाव, पगार हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या दोन्ही लॅटिनच्या लेकी. त्यामुळे मेज तो 'मेसा', साबण तो 'हाबोन', चावी ती 'याबे', पाव तो 'पान', आणि 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. पहिल्याच दिवशी पाच शब्द पदरात पडतात.

अर्थात अडणारी ठिकाणेही आहेत. आपल्या एका 'आहे'साठी तेथे दोन क्रियापदे आहेत. वस्तूचा स्वभाव सांगताना 'एस', तात्पुरती अवस्था किंवा ठिकाण सांगताना 'एस्ता'. आंबा 'एस बेर्दे' म्हटले तर तो हिरव्या रंगाचा, आणि 'एस्ता बेर्दे' म्हटले तर अजून कच्चा. माल पारखणाऱ्याने हा एक भेद ध्यानी ठेवला तरी अर्धे व्याकरण समजले. लिंगे दोनच असली तरी ती आपल्याशी जुळतीलच असे नाही. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'मानो' स्त्रीलिंगी. म्हणून नाम पाठ करताना त्यामागील 'एल' किंवा 'ला' हे उपपदही सोबतच पाठ करावे. तिसरी अडचण आघाताची. मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही. तेथे बदलतो. 'पापा' या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर बटाटा, दुसऱ्यावर दिला तर वडील. कंदमूळ वर्ज्य असलेल्याने 'मी बटाटा खात नाही' असे सांगताना जोर चुकवला, तर ऐकणारा क्षणभर चमकून पाहील!

खाण्याचा विषय निघाला आहे तर तेही सांगून टाकतो, कारण आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने यात गंमतीपेक्षा गरज अधिक आहे. 'सोय बेहेतारियाना', म्हणजे 'मी शाकाहारी आहे', हे वाक्य पाठांत लवकर येते. पुरुषाने शेवटी 'नो' म्हणावे. पण तेवढ्यावर विसंबू नये. 'कार्ने' म्हणजे मांस, परंतु अनेकांच्या मनात त्या शब्दाने कोंबडी किंवा मासा सूचित होत नाही. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, आणि मेक्सिकोतील घोटलेला राजमा पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत परततात. बोगोताचे प्रसिद्ध 'आहियाको' सार तर कोंबडी आणि तीन जातींचे बटाटे यांचेच. म्हणून नावे घेऊन सांगावे : 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि उएबो', म्हणजे मांस, कोंबडी, मासा, अंडे यांपैकी काहीही मी खात नाही. कांदा 'सेबोया' आणि लसूण 'आहो'. 'तिएने काल्दो दे कार्ने?' म्हणजे 'यात मांसाचे पाणी आहे का?' परगावी निघालेल्या मुलाच्या पेटीत खाकऱ्याच्या डब्यासोबत ही चार वाक्ये लिहिलेला कागद अवश्य ठेवावा. तो कागद पाठांतील सर्व गुणांहून मोलाचा ठरेल.

आमच्या परिचयात सांगलीच्या एक काकू आहेत. वय 62. घरात हळदीची अडत. मुलगा एका औषध कंपनीच्या कामासाठी बोगोताला आहे आणि सहा वर्षांचा नातू तेथील शाळेत जातो. घरी आईवडील मराठी बोलतात, मुलगा समजतो, पण उत्तर स्पॅनिशमध्ये देतो. काकूंनी पाठ सुरू केले तेव्हा घरच्यांनी हसण्यावारी नेले. थोरल्या दिरांचे म्हणणे वेगळे होते, आणि ते टाकाऊ नव्हते. ते म्हणाले, "वहिनी, आपण त्याची भाषा शिकू लागलो तर तो आपली कशाला शिकेल? त्याला मराठी बोलायला लावा."

काकूंनी पाठ चालू ठेवले. आठ महिने एक दिवसही खंड पडला नाही, गुण भरपूर जमले. आणि मग एके सकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे आदल्या रात्री आठला, त्या पडद्यावर नातवाशी प्रथमच स्पॅनिशमध्ये बोलू लागल्या. नातू भराभर बोलला. काकूंना त्यातील 'आबुएला', म्हणजे आजी, एवढेच कळले. साधनाने त्यांना शब्द ओळखायला शिकवले होते, माणसाच्या वेगाने ऐकायला शिकवले नव्हते. त्यांनी मग दोन वाक्ये घोकली : 'नो एन्तिएन्दो', मला समजले नाही, आणि 'मास देस्पासियो, पोर फाबोर', जरा सावकाश बोल. यानंतर नातू सावकाश बोलू लागला. इतकेच नव्हे, तो आजीचा मास्तर झाला. आजीचा र चुकला की तो तो पुन्हा म्हणायला लावी. एकदा काकूंनी पाठांतील 'कोमो से दिसे' म्हणजे 'कसे म्हणतात' हे वाक्य वापरून त्याला एक शब्द विचारला. त्याने तो सांगितला आणि लगेच तेच वाक्य उलटून विचारले, "मराठीत कसे म्हणतात?" तेव्हापासून रविवारी पाच शब्द त्याचे, पाच शब्द आजीचे, असा रोखीचा व्यवहार चालतो.

तो आता मराठीत अस्खलित बोलतो असे मुळीच नाही. अजूनही बहुतेक उत्तरे स्पॅनिशमध्येच येतात. परंतु पूर्वी मराठी ही त्याच्याकडे वसुलीला येणारी भाषा होती, आता ती देवाणघेवाणीतली भाषा झाली आहे. थोरल्या दिरांची शंका खोटी ठरली असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. मात्र ज्या भाषेत नातू हसतो, रागावतो, शाळेतील भांडण सांगतो, ती आजीला मुळीच कळू नये, यात मराठीचे हित साधले असते असेही वाटत नाही.

आता हिशेब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, तिच्या अनुभवाप्रमाणे इंग्रजी भाषिकाला स्पॅनिशमध्ये कामकाज करण्याइतकी गती येण्यास वर्गातील सुमारे 600 ते 750 तास लागतात. रोज 20 मिनिटे धरली तर वर्षाचे 7,300 मिनिटे, म्हणजे सुमारे 121 तास होतात. या दराने 600 तासांना जवळजवळ पाच वर्षे लागतील. 'तीन महिन्यांत स्पॅनिश' अशी जाहिरात दिसली की हा गुणाकार आठवावा. पण मुक्कामाला पोहोचायला पाच वर्षे लागतात म्हणजे पाच वर्षे हात रिते, असे नव्हे. खाण्यापिण्याचे बोलणे, ख्यालीखुशाली, बाजारातील भाव विचारणे, एवढे पहिल्या वर्षात पदरी पडू शकते. युरोपात भाषाज्ञानाच्या ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा पायऱ्या मानतात, आणि आरंभीचे पाठ मुख्यतः पहिल्या दोन पायऱ्यांचे असतात. मजल्याचा जिना तेथून पुढे आहे.

यास्तव काही सूचना, ज्या कोणालाही पाळता येतील. पाठाची वेळ ठरवावी आणि ती जेवणाच्या किंवा दुकान उघडण्याच्या वेळेला बांधून टाकावी. प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणावे, कारण मनातल्या मनात शिकलेली भाषा तोंडात येत नाही. इंग्रजी अर्थाशेजारी मराठी अर्थ स्वतःच्या वहीत लिहावा, कारण तीच वही पुढे खरे पाठ्यपुस्तक होते. 20 मिनिटांपैकी पाच मिनिटे केवळ ऐकण्याला द्यावीत. महिन्यातून दोनदा तरी जिवंत माणसाशी बोलावे, आपले नातलग असोत वा शिक्षक. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग चालतात. स्पेन सरकारने 1991 मध्ये स्थापन केलेल्या सर्व्हान्तेस संस्थेचे केंद्र दिल्लीत आहे, आणि ज्यांना प्रमाणपत्र हवे त्यांनी तिची 'देले' ही परीक्षा द्यावी. सशुल्क पाठ घेतल्यास वार्षिक वर्गणी आपोआप पुढे चालू होते का, हे आधी पाहून घ्यावे. ही सूचना व्यापारी वाचकांना करणे म्हणजे आगाऊपणाच, पण करून ठेवतो.

सलग इतके दिवस पाठ केले म्हणून पडद्यावर जो आकडा वाढत जातो, त्याचा लोभ मात्र आवरावा. तो आकडा हजेरीचा आहे, कमाईचा नव्हे. महिन्याच्या शेवटी स्वतःला एवढेच विचारावे : या महिन्यात मी कोणाला कोणती गोष्ट स्पॅनिशमध्ये सांगितली आणि ती त्याला कळली? उत्तरादाखल एक जरी वाक्य सापडले तरी महिना नफ्यात गेला असे समजावे. आणि घरातील कोणी आजी, काकू, मामी कानाला यंत्र लावून 'पेरो, पेर्रो' असे पुटपुटताना दिसली, तर 'या वयात कशाला' असे न म्हणता तिच्या समोर बसावे आणि पेटीतील कार्डे एकेक करून तिला विचारावीत.